दाजींच्या गाडीतला पिवळा दिवा : एका हट्टी कोडचं प्रकरण

गाडी २०१८ ची. पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक, धुराच्या बीएस-४ नियमांतली, मीटरवर ७१ हजार किलोमीटर. दाजी कळ्याला शाळेवर आहेत, त्यामुळे रोजचा रस्ता कोल्हापुरातल्या फुलेवाडीपासून कळे गावापर्यंत आणि परत. गाडी जपतात. ऑइल वेळेवर, टायरची हवा दर पंधरवड्याला. तक्रार एकच, डॅशबोर्डवरचा इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा. ऑगस्टच्या पावसात तो पहिल्यांदा लागला आणि जानेवारीपर्यंत चार वेळा विझवून चार वेळा परत आला. ॲव्हरेज तेच, पिकअप तेच, गाडी सकाळी एका सेल्फात चालू. नुसता दिवा.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मेंटेनन्सला आहे. पॅनेल, मोटारी, भट्टीचे थर्मोकपल, कुठला लिमिट स्विच का अडकला, हे माझं रोजचं काम. गाडीचा मेकॅनिक मी नव्हे. म्हणूनच हे प्रकरण जसं घडलं तसं, चुकलेल्या वाटांसकट लिहितोय. खरी दुरुस्ती तासाभराची आणि साठ-सत्तर रुपयांच्या मालाची निघाली. तिथवर पोचायलाच पाच महिने लागले.

चार वेळा विझवला तो कसा

पहिल्यांदा बॅटरीनं. शाळेतल्या एका सरांनी सांगितलं, निगेटिव्ह काढा, अर्धा तास ठेवा, गाडी सगळं विसरते. दाजींनी दहाचा पाना घेऊन तसं केलं. गाडी खरंच सगळं विसरली. दिवा गेला, घड्याळ बारावर आलं, रेडिओची स्टेशनं गेली, आणि पुढचे दोन दिवस सिग्नलला उभी राहिली की गाडी वरखाली हुंदके द्यायला लागली. याचं कारण साधं आहे. किती हवेला किती पेट्रोल सोडायचं याचा थोडाथोडा अंदाज गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, चालता चालता बांधत असतो. बॅटरी काढली की त्याची शिकवणी पहिलीपासून सुरू. नवव्या दिवशी दिवा परत.

दुसऱ्यांदा एका ॲक्सेसरीजच्या दुकानात. तीनशे रुपये दिले, पोरानं मशीन लावलं, बटण दाबलं. "सेन्सरचा कोड होता, काढला," एवढंच सांगितलं. कोड म्हणजे ईसीयूनं नोंदून ठेवलेला बिघाडाचा नंबर. कुठला सेन्सर हे त्यानं सांगितलं नाही आणि दाजींनी विचारलं नाही.

तिसऱ्यांदा गॅरेज. तिथं कोड निघाला पी००३७. "मागचा ऑक्सिजन सेन्सर गेलाय." नवा बसवला, मजुरीसकट ४,२०० रुपये. दाजींची एक चांगली सवय म्हणजे काढलेला पार्ट मागून घेतात. जुना सेन्सर नव्याच्या खोक्यात घालून डिकीत ठेवला. बारा दिवस शांतता, आणि मग दिवा.

चौथ्यांदा त्याच गॅरेजनं पैसे न घेता कोड पुसून दिला. वर सांगितलं, नवीन पार्ट सेट व्हायला वेळ लागतो. सेन्सर म्हणजे काय नवी सून आहे, घरात रुळायला? असो.

मधल्या काळात यूट्यूबवरचा एक अमेरिकन व्हिडिओ बघून दाजींनी पेट्रोलच्या टाकीचं झाकण दोनदा काढून घट्ट बसवलं होतं. हा सल्ला चुकीचा नाही, फक्त आपल्या गावचा नाही. अमेरिकेत टाकीतल्या पेट्रोलची वाफ कुठून गळते का हे गाडीनं स्वतः तपासायची सक्ती आहे, त्यामुळे तिथं झाकण सैल राहिलं तरी इंजिनाचा दिवा लागतो. आपले बीएसचे नियम युरोपच्या वळणावर चालतात. त्या वळणात वाफेच्या गळतीची ही परीक्षा सक्तीची नाही. बीएस-४ गाडीत झाकण पिळून दिवा जाईल ही आशा फार धरू नये.

आणखी एक म्हणजे, "पीयूसी पास झालीय की" हा दाजींचा युक्तिवाद. झाली होती, दिवा लागलेला असताना. पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो आणि त्या घडीला उभ्या गाडीतून काय बाहेर पडतंय ते बघतो. ईसीयूच्या मनात काय चाललंय याच्याशी त्या नळीचा संबंध नाही.

रविवारी हातात घेतली

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी आक्काकडं जेवायला गेलो होतो. हात धुता धुता दाजी म्हणाले, "पावणं, तुमच्या फौंड्रीत एवढे दिवे लुकलुकतात, आमचा हा एक विझवून दावा की."

"विझवायला दहा सेकंद लागतील दाजी. तो का लागतोय ते बघायला किती लागतील सांगता येत नाही."

"बघा मग. आज सुट्टीच हाय."

आमच्या कारखान्यात एक नियम आहे, कुणी लिहून लावलेला नाही पण सगळे पाळतात. मशीन ट्रिप झालं की आधी डिस्प्लेचा फोटो, मग रिसेट. रिसेट दाबला की काय झालं होतं ते सांगणारा कुणी उरत नाही. दाजींच्या गाडीत चार वेळा रिसेट दाबला गेला होता आणि फोटो एकदाही काढलेला नव्हता.

स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. देशात २०१३ पासून पेट्रोल गाड्यांना टप्प्याटप्प्यानं हे ओबीडी-२, म्हणजे गाडीनं आपले बिघाड आपणच नोंदून सांगायची व्यवस्था, लागू झालं, म्हणजे २०१८ च्या गाडीत ते असणारच. सोळा नंबरच्या पिनला बॅटरीचा प्लस, चार आणि पाचला अर्थ, म्हणजे अर्थिंग, सहा आणि चौदावर कॅनची, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांची आपसातली, बोलाचाली. त्यात बसणारा, कोड फोनवर दाखवणारा ईएलएम३२७ जातीचा छोटा ब्लूटूथ डोंगल माझ्याकडं होता, पाचशे-सहाशेला मिळतो तसला. किल्ली ऑन केली, फोनवर ॲप उघडलं आणि पुसायच्या बटणाला हात न लावता चार गोष्टी वाचल्या.

एक, साठवलेला कोड. पी००३७, एकटाच.

दोन, प्रलंबित कोड. म्हणजे बिघाड एकदा दिसला, पण दिवा लावण्याइतकी खात्री अजून झालेली नाही असा. बहुतेक बिघाडांना ईसीयू लागोपाठ दोन फेऱ्यांत, म्हणजे गाडी दोनदा चालू करून चालवण्यात, पकडल्याशिवाय दिवा लावत नाही. इथंही तोच कोड होता, म्हणजे बिघाड आजही चालू होता.

तीन, मोजणी. "कोड पुसल्यापासूनचं अंतर ३८८ किमी, इंजिन गरम होण्याच्या फेऱ्या २१, दिवा लागल्यापासूनचं अंतर ९६ किमी." दाजी रोज चाळीसेक किलोमीटर करतात. म्हणजे दहा दिवसांपूर्वी कोड पुसला आणि सातेक दिवसांत दिवा परत आला. दाजींनी सांगितलेल्या तारखांशी हे जुळलं. हे आकडे बहुतेक गाड्यांत असतात आणि फार कमी लोक बघतात. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा जरूर बघा. विकणारा म्हणतो, दिवा कधी लागलाच नाही, आणि गाडी म्हणते, पंधरा किलोमीटरपूर्वी कुणीतरी सगळं पुसलंय. यात गाडी खोटं बोलत नाही.

चार, फ्रीझ फ्रेम. बिघाड नोंदला त्या क्षणाचा गाडीचा फोटोच म्हणा. वेग ताशी १४ किमी, पाण्याचं तापमान ९१ अंश, आरपीएम १,३०० च्या आसपास. म्हणजे इंजिन चांगलं तापलेलं आणि गाडी रांगत चाललेली.

चारही पडद्यांचे फोटो काढून ठेवले.

एक कोड, चार दुखणी

पी००३७ चा अर्थ गॅरेजनं "मागचा सेन्सर गेला" असा घेतला. कोडमध्ये तसं म्हटलेलं नाही. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा कोड, त्यापुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला. अर्थ असा, की पहिल्या बँकेच्या, म्हणजे सिलिंडरांच्या पहिल्या रांगेच्या, दुसऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरच्या कंट्रोल सर्किटमध्ये व्होल्टेज कमी. यात "सेन्सर" शब्द आहे खरा, पण दोष सर्किटला दिलाय.

ऑक्सिजन सेन्सरच्या आत झिर्कोनियाचा तुकडा असतो. तो तीनशे अंशांच्या आसपास तापल्याशिवाय काम करत नाही. नुसत्या धुराच्या आचेवर तापेपर्यंत बराच वेळ जातो, म्हणून आत छोटा हीटर दिलेला असतो. चहाच्या कपात घालायची कॉइल असते, तसला. पहिला सेन्सर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याच्या आधी, पेट्रोल-हवेचं प्रमाण बघायला. दुसरा, म्हणजे मागचा, कन्व्हर्टरच्या नंतर, कन्व्हर्टर त्याचं काम करतोय का यावर नजर ठेवायला. गाडी चालवण्यात दुसऱ्याचा हात फार थोडा, म्हणून दाजींना गाडीत फरक जाणवत नव्हता.

हीटरला एका बाजूनं फ्यूजमधून सरळ बारा व्होल्ट येतात. दुसरी तार ईसीयूकडं जाते आणि ईसीयू ती तार अर्थला जोडतो-सोडतो. सोडलेली असताना ईसीयू आपल्या पिनवर बघतो की हीटरमधून फिरून बारा व्होल्ट पोचतायत का. नाही पोचले की "लो". आता न पोचण्याची कारणं किती? हीटर आतून तुटला. तार कुठंतरी तुटली. फ्यूज गेला. किंवा ईसीयूकडं जाणारी तार वाटेतच बॉडीला टेकली आणि व्होल्टेज तिथंच खाली गेलं. चारही दुखण्यांना कोड एकच. गॅरेजनं चारांतलं पहिलं निवडलं, आणि सेन्सर बदलूनही कोड परत आला तेव्हाही पहिलंच धरून ठेवलं. लबाडी म्हणणार नाही मी. रॅम्पवर उभ्या गाडीत बिघाड सापडत नसला की माणूस जवळचा पार्ट बदलतो. आमच्याकडंही नवीन पोरं आधी प्रॉक्झिमिटी स्विच बदलतात आणि मग केबल बघतात.

फ्यूज मी न उघडताच बाजूला ठेवला. या गाडीत पुढच्या सेन्सरचा हीटरही त्याच फ्यूजवर आहे, तो गेला असता तर दोन कोड आले असते.

मग डिकीतलं खोकं मागवलं. जुन्या सेन्सरला चार तारा होत्या, दोन पांढऱ्या, एक करडी, एक काळी. या रंगात दोन पांढऱ्या म्हणजे हीटर, काळी सिग्नलची आणि करडी तिचा अर्थ. दुसऱ्या एका बनावटीत दोन काळ्या हीटरच्या असतात आणि निळी सिग्नलची, त्यामुळे रंगावर विसंबण्याआधी एकसारख्या दोन तारा कुठल्या ते बघायचं. मल्टिमीटर दोन पांढऱ्यांवर धरला. ९.१ ओहम. पांढऱ्या तारेपासून सेन्सरच्या धातूच्या अंगापर्यंत काहीच नाही, म्हणजे आत गळतीही नाही. गाडीखालच्या नव्या सेन्सरचं नंतर मोजलं, तेही ९ च्या घरात.

दाजींनी खोक्यातल्या त्या काळवंडलेल्या नगाकडं बघितलं. "म्हणजे चौकशी न करताच निलंबित केला व्हय ह्याला?"

थंड असताना ओहम बरोबर आले म्हणजे तापल्यावरही सेन्सर ठीक असेलच असं नाही, हे खरं. पण नवा घालूनही तोच कोड येतो म्हटल्यावर त्याच्यावरचा संशय तसाही उरत नव्हता.

एक चुकलेली वाट

माझा पहिला संशय उंदरावर होता. कळ्याच्या बाजूला ऊसतोड जोरात होती, कुंभी कारखान्याकडं ट्रॉल्यांची रांग लागलेली. फड तुटला की उंदीर वस्तीकडं सरकतात आणि रात्री ऊबदार बॉनेटमध्ये शिरतात. शेजारच्याच एका स्कूटरची वायर दिवाळीत खाल्ली होती. बॉनेट उघडून अर्धा तास वायरिंगच्या पायपांवर टॉर्च मारत बसलो. दाताची खूण नाही, लेंड्या नाहीत. बॅटरीखाली एक वाळकं पिंपळाचं पान तेवढं सापडलं.

तेव्हा परत फ्रीझ फ्रेमवर आलो. चौदा किलोमीटर वेगानं गाडी कधी चालते? गर्दीत, नाहीतर स्पीड ब्रेकरवर. गर्दीत तारेला काय होणार? ब्रेकरवर मात्र गाडीचं पोट हलतं.

"दाजी, खालून कसला आवाज येतो का?"

"छे. गाडी एकदम गप्प हाय."

स्वयंपाकघरातून आक्का म्हणाली, "खडखड वाजतंय की रे. डब्यात चमचा हलवल्यागत. ब्रेकरवरनं उतरली की वाजतंय. दिवाळीपासनं सांगतीय ह्यांना, तर हे रेडिओ मोठा करत्यात."

पाच महिन्यांत कुठल्याही मशीननं जे सांगितलं नव्हतं ते आक्कानं भाकरी थापता थापता सांगितलं.

गाडीखाली

दुपारी चारपर्यंत थांबलो. सायलेन्सरचा पाइप तासाभरापूर्वी चाललेला असला तरी हात भाजतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही, कितीही घाईचं काम असलं तरी. ओळखीच्या एकाकडून उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या, उचललेली गाडी टेकवायच्या दोन घोड्या आणल्या, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, किल्ली काढून खिशात घातली. हीटरचा फ्यूजही काढून ठेवला. बॅटरी मात्र सोडली नाही, कारण मोजणी आणि कोड मला तसेच हवे होते.

पोत्यावर आडवा झालो. सायलेन्सरच्या पाइपावर, गाडीच्या तळाला पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा असतो, पाइपाची धग वर पोचू नये म्हणून. त्याला चार ठिकाणी बोल्ट. उजवीकडच्या पुढच्या बोल्टापाशी पत्र्याचं भोक झिजून, कुजून बोल्टाच्या डोक्यापेक्षा मोठं झालं होतं. बोल्ट जागच्या जागी, पत्रा मात्र त्यातून निसटून लोंबत होता. बोटानं टिचकी मारली. आक्काचा डबा, आक्काचा चमचा.

त्या लोंबत्या कोपऱ्याला लागूनच मागच्या सेन्सरकडं येणारं वायरिंग होतं, काळ्या नागमोडी पायपात. पत्र्याची कड पायपावर जिथं टेकत होती तिथं पायपाला करंगळीच्या नखाएवढी खाच पडली होती. तेवढीच जागा चिखल-धुळीत स्वच्छ. पत्र्याची कड घासून घासून नाण्यासारखी चकाकत होती आणि खाचेतून आतल्या एका तारेचं तांबं दिसत होतं.

दिसलं म्हणजे सिद्ध झालं असं नाही. सेन्सरचा कनेक्टर सोडवला, मल्टिमीटर बझरवर घेतला, एक टोक ईसीयूकडं जाणाऱ्या हीटरच्या तारेच्या पिनवर, दुसरं बॉडीच्या उघड्या बोल्टावर. गप्प. मग अंगठ्यानं पत्रा तारेकडं दाबला.

पीं.

सोडला, गप्प. दाबला, पीं. तीनदा केलं. बाहेर उकिडवे बसलेले दाजी प्रत्येक वेळी "वाजलं" म्हणत होते, जणू मला ऐकू येत नव्हतं.

आता सगळा उलगडा झाला. पत्रा बॉडीला, म्हणजे अर्थला. ब्रेकरवर आपटला की तो लोंबून उघड्या तांब्यावर टेकायचा आणि टेकूनच राहायचा. ईसीयूच्या पिनवर व्होल्टेज शून्य, कोड "लो". त्याच वेळी हीटरला मात्र बारा व्होल्ट आणि अर्थ दोन्ही मिळत होते, म्हणजे तो बंदच होत नव्हता. सेन्सर छान गरम, गाडी छान चालती, दिवा लागलेला. गॅरेजमध्ये गाडी रॅम्पवर उचलली की पत्रा दुसरीकडं कलत असणार आणि तार मोकळी होत असणार. ऑगस्टच्या पावसात भोक कुजलं, पत्रा सुटला आणि दिवा लागला. कार्यकारण सरळ रेषेत होतं, फक्त ते वरून दिसत नव्हतं.

दुरुस्ती

तारेचे अर्धेअधिक धागे तुटले होते, नुसती टेप गुंडाळून भागणारं नव्हतं. खराब तुकडा कापला, त्याच जाडीची तार घालून दोन्हीकडं क्रिंप जोड दाबले. डाख मारला नाही. साधा डाख १८३ अंशांना पातळ होतो, आणि डाख मारलेल्या जागेशी तार कडक होऊन थरथरीनं नेमकी तिथंच तुटते. क्रिंपवर आतून गोंद असलेली स्लीव्ह आकसवली, सगळ्यावर फायबरग्लासची स्लीव्ह चढवली. आमच्या भट्टीवर थर्मोकपलच्या तारांना घालतो तीच. मग वायरिंग पाइपापासून चार बोटं दूर सरकवून स्टीलच्या क्लिपनं बांधलं. प्लॅस्टिकचा टाय इथं बांधायचा नाही, धगीनं दोन महिन्यांत मान टाकतो.

पत्र्याच्या कुजलेल्या भोकाखाली मोठा वायसर घालून बोल्ट परत आवळला. बाकीचे तीनही तपासले, एक सैल होता. वेल्डिंग नाही, नवा पत्रा नाही, एक वायसर. कनेक्टर लावला, फ्यूज बसवला, गाडी घोड्यांवरून उतरवली. चालू केली, जागेवर रेझ केली. खडखड बंद.

दिवा मात्र होताच.

विझवला नाही

यावर दाजींचा चेहरा बघण्यासारखा होता. "एवढं करून दिवा तसाच? दाबा की बटण!"

नाही दाबलं. बटण दाबलं असतं तर दिवा त्या क्षणी गेला असता आणि पुढचे दहा दिवस दाजी रोज सकाळी देवाचं नाव घेऊन किल्ली फिरवत बसले असते, कारण याआधीही चार वेळा दिवा असाच गेला होता. बटणानं गेलेला दिवा काहीच सिद्ध करत नाही. ईसीयूनं स्वतःहून घालवलेला दिवा सिद्ध करतो. नियम असा आहे: लागोपाठ तीन फेऱ्यांत बिघाड दिसला नाही, तर ईसीयू आपणच दिवा बंद करतो. कोडची नोंद आत राहते, आणि पुढं इंजिन गरम होण्याच्या चाळीस फेऱ्या निर्वेध गेल्या की तीही पुसली जाते. फेरी म्हणजे गाडी चालू करणं, तपासणी पुरी होईल इतकं चालवणं आणि बंद करणं.

संध्याकाळी परीक्षेला गाडी काढली. फुलेवाडीतून रंकाळ्याच्या कडेनं गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर. रस्त्यात ब्रेकर, खड्डे, रविवारची गर्दी, वेग बारा-पंधराच्या वर जात नव्हता, म्हणजे बिघाडाला लागतं ते सगळं. कट्ट्यावर गाडी बंद केली, उभ्या उभ्या धारोष्ण दूध प्यालो, परत चालू केली. दाजी मुद्दाम प्रत्येक ब्रेकर जोरात घेत होते. मागं बसलेली आक्का म्हणाली, "गाडी दुरुस्त झालीय, माणसं मोडू नका."

सोमवारी सकाळी कळ्याला जाताना दिवा होता. संध्याकाळी सव्वा पाचला मी पॅनेलसमोर उभा असताना दाजींचा फोन आला. शाळा सुटल्यावर किल्ली फिरवली तर इंजिनाचं चित्र बाकीच्या दिव्यांबरोबर उजळलं आणि इंजिन चालू होताच बाकीच्यांबरोबरच गेलं.

"पावणं, आपोआप गेला!"

एवढं मात्र सांगून ठेवतो, की असा दिवा महिनोन्‌महिने तसाच ठेवूनही चालत नाही, गाडी कितीही गोड चालली तरी. मागच्या सेन्सरवर ईसीयूचा भरवसा उडाला की कन्व्हर्टरची तपासणी थांबते. आणि दिवा एकच असतो. आधीच लागलेला असला की उद्या दुसरा एखादा मोठा बिघाड आला तरी तोच दिवा, वेगळा कळणार कसा? काही जण त्यावर काळी टेप चिकटवतात, त्यांच्याविषयी न बोललेलं बरं. हाच पिवळा दिवा नुसता न लागता उघडझाप करत असेल तर एखादा सिलिंडर पेटत नाही आणि कच्चं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळतंय. तिथं शोधकार्य नको, वेग कमी करा, जमेल तितक्या लवकर गाडी थांबवा. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर जागच्या जागी इंजिन बंद. एअरबॅगच्या दिव्याला मी स्वतः हात लावत नाही. सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरवर मल्टिमीटर धरायची हौस कुणी करू नये. आणि स्वस्तातला डोंगल एअरबॅग आणि एबीएसचे कोड बहुधा वाचतच नाही, त्यामुळे ॲपनं "कोड नाही" म्हटलं म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही.

चार आठवड्यांनी

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी परत डोंगल लावला. साठवलेला कोड नाही, प्रलंबित नाही. कोड पुसल्यापासूनचं अंतर १,४१२ किमी, म्हणजे मधल्या काळात कुणी हळूच बटण दाबलेलं नाही. दाजींवर संशय होता, असं नाही. होता थोडा.

एकदा गाडीखाली डोकावून आलो. वायसर जागेवर, स्लीव्हवर नुसती धूळ, पत्रा आणि वायरिंगमध्ये चार बोटांचं अंतर तसंच. जुना सेन्सर दाजींनी वर्तमानपत्रात गुंडाळून ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवलाय. गॅरेजला जाऊन ४,२०० चा विषय काढा म्हटलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, ऑइल बदलायला तिथंच जायाचंय." जुना निर्दोष सुटलाय, तर तोच कधीतरी स्पेअर म्हणून कामाला येईल, हा त्यांचा हिशेब.

आता खालची खडखड नाही, म्हणून गाडीत रेडिओ हळू असतो. त्यामुळे मागच्या डाव्या दाराची कुरकुर आक्काला ऐकू यायला लागलीय. त्याला कोड नसतो, हे मी तिला सांगून बघितलं.